टूलबारवरच्या बटणातून स्वतःचा कोड चालवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवस्थानच्या कार्यालयात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये पावत्यांचा डेटाबेस आहे. अभिषेक, लघुरुद्र, देणगी अशा पावत्या भरायच्या फॉर्मच्या तळाला 'छापा' हे बटण आहे आणि ते नीट चालतं. पण फॉर्म लांब आहे, दर पावतीला खाली सरकावं लागतं, जत्रेला खिडकीवर रांग लागते. म्हणून तेच काम तुम्हाला वरच्या टूलबारवरच्या बटणातून करायचं आहे. टूलबारसाठी मॅक्रोची यादी उघडली, तर त्यात तुमचा कोड नव्हताच. मग एक मॅक्रो बनवून त्यातून कोड बोलावला, तर ॲक्सेसने सांगितलं की या नावाचं फंक्शन सापडत नाही.

मी फोंड्याला बसून वीसेक वर्षं असलीच कामं करतो. पतसंस्था, वाचनालयं आणि बरीचशी देवस्थानं. त्यामुळे कोड चालू कसा करायचा ते सांगतोच, पण चालू झाल्यावर काय बिघडतं ते जास्त सांगणार आहे. बटण टूलबारवर आणणं अर्ध्या तासाचं काम आहे. तिथून ते बरोबर पावती छापतं की नाही, याची काळजी खरी.

एक आधीच सांगून ठेवतो. खाली कोडमधली नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. तुम्ही ती रोमन अक्षरांतच टाइप करा.

यादीत कोड का दिसला नाही? वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये 'मॅक्रो' म्हणजे व्हीबीएत (ऑफिसच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत) लिहिलेली प्रोसीजर, नाव दिलेला कोडचा तुकडा, म्हणून ती टूलबारच्या यादीत आपोआप येते. ॲक्सेसमध्ये मॅक्रो ही स्वतंत्र वस्तू आहे. टेबल, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट यांच्या पंगतीला बसणारी, एकेक कृती निवडून बनवायची. टूलबारच्या यादीत फक्त असे सेव्ह केलेले मॅक्रो दिसतात. त्यामुळे साखळी अशी होते: बटण मॅक्रोला हाक मारतं, मॅक्रोतली 'रनकोड' ही कृती फंक्शनला हाक मारते, आणि फंक्शन काम करतं.

ही साखळी तुटते ती बहुतेक वेळा शेवटच्या कडीला. व्हीबीएत प्रोसीजर दोन प्रकारची, सब आणि फंक्शन. रनकोडला सब चालत नाही, फंक्शनच लागतं. ते काही उत्तर परत देत नसलं तरी चालेल, पण सुरुवात 'पब्लिक फंक्शन' अशीच हवी. फॉर्मवरच्या बटणाचा कोड तुम्ही 'प्रायव्हेट सब' म्हणून फॉर्मच्या मागे लिहिलेला असणार, तिथपर्यंत रनकोडचा हात पोचत नाही. तो कोड साध्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कुठल्याही फॉर्मला न बांधलेल्या कोडच्या पानावर, आणावा लागतो. नावापुढे कंस लागतात, आत काही नसलं तरी. आणि रनकोडच्या रकान्यात नावाआधी बरोबरचं चिन्ह द्यायचं नाही. फॉर्मवरच्या बटणाच्या 'ऑन क्लिक' रकान्यात फंक्शनचं नाव लिहिताना मात्र तेच चिन्ह लागतं, आणि या उलटसुलट नियमात भलेभले अडकतात.

हे सगळं बरोबर असूनही २४२५ क्रमांकाची चूक येत असेल तर मॉड्यूलचं नाव बघा. मॉड्यूललाही 'पावतीछापा' आणि आतल्या फंक्शनलाही 'पावतीछापा' असं एकच नाव दिलेलं असलं की ॲक्सेसला फंक्शन सापडत नाही. मॉड्यूलच्या नावाआधी 'एमओडी' ही तीन अक्षरं लावायची सवय मी त्यासाठीच लावून घेतली आहे.

बटण बसवायचं ते असं. 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'क्विक ॲक्सेस टूलबार'. डाव्या बाजूला 'चूज कमांड्स फ्रॉम'मध्ये 'मॅक्रोज' निवडा, आपला मॅक्रो उजवीकडे पाठवा. उजव्या यादीच्या वर आणखी एक निवड असते, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. तिथे मुळात 'फॉर ऑल डॉक्युमेंट्स' असतं. ती बदलून आपल्या डेटाबेसचं नाव निवडा. तसं केलं की बटण त्या फाइलमध्येच साठवलं जातं आणि फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली की बटणही सोबत जातं. नाही केलं तर बटण तुमच्या कॉम्प्युटरवर राहतं आणि खजिनदारांच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. शिवाय ते बटण दुसरा कुठलाही डेटाबेस उघडला तरी तुमच्या डोळ्यांसमोर असतं आणि तिथे दाबलं की चूक दाखवतं. 'मॉडिफाय' दाबून चित्र आणि नाव बदलता येतं. त्या पट्टीवरच्या पहिल्या नऊ बटणांना ऑल्ट आणि १ ते ९ हे आकडे मिळतात. छापायचं बटण सगळ्यात डावीकडे ठेवलं की ऑल्ट धरून १ दाबायचं, माउसला हात लावायला नको. रांगेच्या वेळी याचा फार उपयोग होतो. ही पट्टी दिसतच नसेल तर रिबनवर (वरच्या बटणांच्या रुंद पट्ट्यावर) उजवं क्लिक करून ती दाखवायला सांगा.

आता मुख्य गोष्ट.

फॉर्मवरचं बटण आणि टूलबारवरचं बटण दिसायला सारखी, पण स्वभावाने अगदी वेगळी. फॉर्मवरच्या बटणाला आपण कुठे उभे आहोत ते ठाऊक असतं: हा फॉर्म, ही पावती. त्यावर क्लिक केलं की कर्सर आधीच्या रकान्यातून बाहेर पडून बटणावर येतो, म्हणजे त्या रकान्यात टाइप केलेलं फॉर्म स्वीकारतो. टूलबारचं बटण फॉर्मच्या बाहेर असतं. ते दाबलं तरी कर्सर होता तिथेच, रकान्यातच राहतो. तुम्ही नुकता टाइप केलेला आकडा पडद्यावर दिसत असतो, पण तो अजून रकान्याचा झालेला नसतो, आणि टेबलात तर गेलेलाच नसतो. रिपोर्ट मात्र टेबलातून वाचतो.

हे मी कागदावर बघितलं आहे. आमच्या तालुक्यातल्या एका देवस्थानचं पावत्यांचं काम माझ्याकडे होतं. तुमच्यासारखीच मागणी आली, बटण वर हवं. फॉर्ममागे दोन ओळींचा कोड होता. पहिल्या ओळीत 'मी डॉट डर्टी' या गुणाला 'फॉल्स' केलेलं, म्हणजे बदललेली नोंद सेव्ह कर. दुसऱ्या ओळीत पावतीचा क्रमांक देऊन रिपोर्ट छापायला सांगितलेलं. तो कोड उचलून साध्या मॉड्यूलमध्ये ठेवला. तिथे 'मी' हा इंग्रजी शब्द चालत नाही, कारण त्याचा अर्थ 'हाच फॉर्म' आणि मॉड्यूलला फॉर्म नसतो. कोड कंपाइल होईना, म्हणजे ॲक्सेस तो चालवायलाच तयार होईना. दुसऱ्या ओळीत मी फॉर्मचं पूर्ण नाव घातलं, आणि पहिली ओळ काढून टाकली. घाई होती. एक पावती छापून बघितली, बरोबर आली, मी घरी गेलो.

पालखीच्या सोमवारी संध्याकाळी खिडकीवर गर्दी. एका भाविकाने आधी एकशे एकाचा अभिषेक सांगितला, नोंद झाली. मग बायकोशी बोलून त्याने पाचशे एक करायला सांगितलं. खिडकीवरच्या ताईंनी त्याच नोंदीत रक्कम बदलली आणि वरचं बटण दाबलं. पावती हातात पडल्यावर तो माणूस म्हणाला, "अहो, पाचशे एक दिले ना मी? इथे एकशे एक कसे?" ताईंनी पडद्याकडे बघितलं, तिथे ५०१. कागदावर १०१. त्यांनी पुन्हा छापली, पुन्हा १०१. पडद्यावर एक आणि कागदावर एक, हे बघून त्या घाबरल्या. देवाच्या पैशाचा हिशेब, आणि समोर रांग. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दिवसाच्या सगळ्या कार्बन प्रती टेबलाशी ताडून बघितल्या, तर अशा आणखी दोन पावत्या निघाल्या. चूक माझी होती, ते समितीसमोर सांगितलं आणि तीनही भाविकांना दुरुस्त पावत्या पोचवल्या. तेव्हापासून टूलबारच्या बटणामागचा कोड मी फॉर्मवरून उचलून आणत नाही, नव्याने लिहितो.

त्या फंक्शनने कोणकोणत्या गोष्टी स्वतः विचारायच्या ते क्रमाने सांगतो, कारण क्रमालाही महत्त्व आहे.

पहिली, पावतीचा फॉर्म उघडा आहे का? 'करंट प्रोजेक्ट'च्या 'ऑल फॉर्म्स' संग्रहात फॉर्मचं नाव देऊन 'इज लोडेड' विचारता येतं. नसेल तर साधा संदेश द्यायचा आणि बाहेर पडायचं. 'स्क्रीन डॉट ॲक्टिव्ह फॉर्म' वापरावं असं बरेच जण सुचवतात, आणि एकच बटण पाच फॉर्मवर चालवायचं असेल तर ते लागतंच. पण एकही फॉर्म समोर नसताना ते २४७५ ची चूक देतं, आणि कर्सर सबफॉर्ममध्ये (फॉर्मच्या आत बसवलेल्या फॉर्ममध्ये) असला तरी ते मुख्य फॉर्मच दाखवतं. पावतीसारख्या एका ठरलेल्या फॉर्मसाठी नाव घेऊन विचारलेलं बरं. फॉर्म उघडा असला तरी तो समोर नसू शकतो, म्हणून आधी त्यालाच पुढे आणा आणि मग पुढचं काम करा.

दुसरी, नोंद बदलली आहे का? फॉर्मचा 'डर्टी' हा गुण पहिली कळ दाबल्याबरोबर खरा होतो, कर्सर रकान्यात असतानाही. तो खरा असेल तर 'डू सीएमडी'च्या 'रन कमांड'मधून नोंद सेव्ह करायची आज्ञा द्या. शिफ्ट धरून एंटर दाबल्यावर जे होतं तेच ही आज्ञा करते. रकान्यातलं स्वीकारलं जातं, नोंद टेबलात जाते. एखादा आवश्यक रकाना रिकामा असला, समजा भाविकाचं नावच नाही, तर सेव्ह होणार नाही आणि चूक येईल. त्या वेळी फंक्शनने तिथेच थांबलं पाहिजे. चूक गिळून पुढची ओळ चालवायची 'रिझ्यूम नेक्स्ट'ची ओळ छपाईच्या कोडमध्ये कधीही घालू नका. तिने सेव्ह न झालेली पावती छापली जाते.

तिसरी, पावतीला क्रमांक आहे का? फॉर्म कोऱ्या नोंदीवर उभा असेल तर क्रमांक रिकामा असतो. रिपोर्टची अट तुम्ही 'क्रमांक बरोबर' याला फॉर्मवरचा क्रमांक जोडून बनवत असाल, तर अट अर्धवट राहते आणि चूक येते. ही त्यातल्या त्यात बरी. वाईट ती, जिथे कुणी 'क्रमांक नसेल तर अट रिकामी ठेव' असं लिहून ठेवलेलं असतं. रिकामी अट म्हणजे अटच नाही, म्हणजे टेबलातल्या सगळ्या पावत्या. रिपोर्ट थेट प्रिंटरवर जाणारा असेल तर डेटाबेस सुरू झाल्या दिवसापासूनच्या पावत्या बाहेर पडायला लागतात. म्हणून क्रमांक रिकामा असेल तर सरळ बाहेर.

या तिन्ही चाळण्यांतून गेल्यावर मग 'ओपन रिपोर्ट'. रिपोर्टच्या 'नो डेटा' प्रसंगात तुम्ही छपाई रद्द करत असाल तर फंक्शनला २५०१ ही चूक मिळते. ती खरी चूक नसून 'रद्द केलं' एवढाच निरोप आहे, तिला वेगळं ओळखा आणि गप्प बसवा. बाकी कुठलीही चूक आली तर तिचा क्रमांक आणि वर्णन दाखवा. खिडकीवरच्या कॉम्प्युटरवर पूर्ण ॲक्सेस नसून, तयार डेटाबेस फक्त चालवणारं, मोफत मिळणारं रनटाइम असेल, तर कोडने न सांभाळलेली चूक आली की सगळा प्रोग्रामच बंद पडतो. तेव्हा चूक सांभाळायच्या ओळी तिथे असायलाच हव्यात.

हे फंक्शन तयार झालं की फॉर्मवरचं जुनं बटणही त्याच्याकडेच वळवा. 'ऑन क्लिक'मध्ये बरोबरचं चिन्ह, नाव, कंस. छापायचा कोड दोन ठिकाणी राहिला तर सहा महिन्यांनी एकीकडे बदल होतो आणि दुसरीकडे राहून जातो.

रनटाइमवरून आठवलं. तिथे ॲक्सेसची नेहमीची रिबन नसते, त्यामुळे वर सांगितलेला टूलबारचा उपाय तुमच्याच कॉम्प्युटरपुरता राहतो. रनटाइमवर स्वतःची रिबन बनवावी लागते, आणि खरं सांगायचं तर पूर्ण ॲक्सेस असलं तरी मी तोच रस्ता घेईन. २००३ पर्यंत टूलबार माउसने ओढून बनवता यायचा आणि बटणाच्या 'ऑन ॲक्शन'मध्ये थेट फंक्शन लिहिता यायचं. २००७ मध्ये रिबन आली आणि ते जुने टूलबार 'ॲड-इन्स' नावाच्या एका कोपऱ्यात गेले. आता रिबनचं वर्णन एक्सएमएलमध्ये (खुणा घालून लिहिलेल्या साध्या मजकुरात) लिहून एका टेबलात ठेवायचं. टेबलाचं नाव ठरलेलं आहे: यू, एस, वाय, एस ही चार अक्षरं आणि त्यांना चिकटून 'रिबन्स'. त्यात 'रिबननेम' हा साधा मजकुराचा रकाना आणि 'रिबनएक्सएमएल' हा लांब मजकुराचा. नावाच्या सुरुवातीमुळे हे टेबल सिस्टिमच्या टेबलांसारखं लपतं, घाबरू नका, नेव्हिगेशनच्या पर्यायांत सिस्टिमच्या वस्तू दाखवायला सांगितलं की दिसतं.

एक्सएमएलमध्ये बटणाच्या 'ऑनॲक्शन'ला तुम्ही प्रोसीजरचं नुसतं नाव देऊ शकता. मग ती 'आयरिबनकंट्रोल' या प्रकारचं एक आर्ग्युमेंट (प्रोसीजरला दिली जाणारी माहिती) घेणारी सब असावी लागते आणि डेटाबेसला ऑफिसच्या ऑब्जेक्ट लायब्ररीचा, म्हणजे तयार कोडच्या संग्रहाचा, रेफरन्स जोडावा लागतो. दुसरा मार्ग, तिथेही बरोबरचं चिन्ह, फंक्शनचं नाव आणि कंस द्यायचे. मी हाच घेतो. आपलं वर लिहिलेलं फंक्शन जसंच्या तसं चालतं आणि लायब्ररीचा प्रश्नच येत नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर ऑफिसची नवी आवृत्ती आणि खिडकीवर जुनी असली, तर हरवलेला रेफरन्स तारखेसारखी साधी फंक्शनंही बंद पाडतो, आणि दोष भलत्याच ओळीवर दिसतो.

एक्सएमएलमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. 'ऑनॲक्शन'मधलं 'ऑन' लहान अक्षरांत आणि 'ॲक्शन'चं पहिलं अक्षर मोठं. चूक झाली तर रिबन नुसती येत नाही, काही सांगत नाही. म्हणून आधी ऑप्शन्समधल्या 'क्लायंट सेटिंग्ज'मध्ये जाऊन ॲड-इनच्या इंटरफेसच्या चुका दाखवायची खूण करून ठेवा. मग नेमकी ओळ कळते.

रिबन सगळ्या डेटाबेसला लावायची असेल तर 'करंट डेटाबेस'च्या पर्यायांत तिचं नाव निवडतात. टेबल भरून झाल्यावर फाइल एकदा बंद करून उघडा, तेव्हा नाव यादीत येतं. निवडल्यावर पुन्हा बंद करून उघडा, तेव्हा रिबन दिसते. पण तुमच्या कामाला याहून चांगली सोय आहे. फॉर्मच्या गुणधर्मांत 'अदर' या पानावर 'रिबन नेम' असतं. तिथे नाव दिलं की तो फॉर्म समोर असेपर्यंतच तुमचा टॅब दिसतो. फॉर्म नाही तर बटणही नाही. टूलबारच्या बटणाला आपण कुठे उभे आहोत ते कळत नाही ही अडचण इथे निम्मी सुटते. वरच्या तीन चाळण्या तरीही ठेवाच.

रिबनचा आणखी एक फायदा आपल्याला आहे. व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी टिकत नाही, प्रश्नचिन्हं होतात. टेबलातल्या रकान्यात मात्र ती सुखरूप राहते, आणि रिबनचं वर्णन टेबलातच असतं. त्यामुळे बटणावर 'पावती छापा' असं स्वच्छ मराठीत येतं. खिडकीवर बोलणं कोंकणीत होतं, पावती मराठीत असते, आणि बटणावर मात्र इंग्रजी, असं का असावं? संदेशांचंही तसंच करा. 'फॉर्म उघडा नाही', 'भाविकाचं नाव राहिलं' ही वाक्यं कोडमध्ये न लिहिता एका छोट्या टेबलात ठेवा आणि एका लहानशा फॉर्मवर लेबलमध्ये दाखवा. थोडं काम वाढतं, पण खिडकीवर बसणाऱ्याला संदेश वाचता येतो.

बटण बसवून तुमच्याकडे चाललं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर काहीच झालं नाही, तर बहुधा फाइलवर विश्वास ठेवलेला नसतो. ट्रस्ट सेंटरमध्ये ते फोल्डर विश्वासाच्या जागांत घाला. फोल्डर नेटवर्कवर असेल तर त्याला परवानगी देणारी वेगळी खूण तिथेच खाली आहे. पण नेटवर्कवरून फॉर्म चालवूच नका: टेबलांची फाइल एका जागी, आणि फॉर्म, रिपोर्ट, कोडची फाइल प्रत्येक कॉम्प्युटरवर स्वतंत्र. ईमेलने आलेली फाइल असेल तर तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अनब्लॉक' करावं लागतं. जुन्या कोडमध्ये विंडोजच्या लायब्ररीला हाक मारणाऱ्या 'डिक्लेअर'च्या ओळी असतील तर ६४ बिटच्या ऑफिसमध्ये त्यांना 'पीटीआरसेफ' हा शब्द लागतो. तो नसला की मॉड्यूल कंपाइल होत नाही आणि बटण मुकं राहतं.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात, खिडकी बंद झाल्यावर, खिडकीवर बसणाऱ्या ताईंनाच कॉम्प्युटरसमोर बसवा आणि तुम्ही बाजूला उभे राहा. आधी फॉर्म बंद ठेवून बटण दाबायला सांगा. रिबन फॉर्मला बांधली असेल तर बटण दिसताच कामा नये. मग कोऱ्या नोंदीवर दाबायला सांगा. मग एक जुनी चाचणीची पावती उघडून रकमेत १०१ चे ५०१ करायला सांगा, टॅब किंवा एंटर न दाबता, कर्सर त्याच रकान्यात ठेवून, आणि लगेच वरचं बटण. प्रिंटरमधून येणारा कागद त्यांनीच उचलून आकडा मोठ्याने वाचावा.